तिसरा उद्गार

आमच्या घरात रविवारी मटण असायचं आणि मटणातली नळी माझी असायची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. भोईवाड्यातल्या त्या एका खोलीत बाकी सगळं वाटून घ्यावं लागे, खाट, आरसा, खिडकीतली वाऱ्याची जागा, सार्वजनिक नळावरचा नंबरसुद्धा. पण चर्चहून आलं की आई पदर खोचून पातेल्यात पळी फिरवायची, नळी हुडकायची आणि न बोलता माझ्या ताटात टाकायची. मी ती ताटाच्या कडेवर ठोकायची. पहिल्या ठोक्याला मगज अर्धवट बाहेर यायचा, उरलेला मी तोंडानं ओढायची, आणि त्याचा असा काही आवाज व्हायचा की बाबा म्हणायचे, "हळू गं, शेजारी सावंतांचा श्रावण आहे." बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते, दिवसभर हातोड्याखाली असायचे, तरी माझ्या नळीचा आवाज त्यांना मोठा वाटे. मी एकुलती एक. लाड करावेत अशी परिस्थिती नव्हती, तेव्हा सगळा लाड त्या एका हाडात भरलेला होता.

करुणा आली ती तीन महिन्यांसाठी. माझी मावसबहीण, नगरकडच्या एका खेड्यातली. माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, करुणाच्या बारावीच्या परीक्षेआधी काविळीनं गेली होती. करुणाला परळच्या एका हॉस्पिटलात नर्सिंगला प्रवेश मिळाला, पण होस्टेलात जागा नव्हती. "जागा मिळेपर्यंत राहील," आई म्हणाली. अडीच वर्षं राहिली. एक पत्र्याची ट्रंक, एक गोधडी आणि हसणं असं की खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायची. तिचा चेहरा माझ्या मावशीवर गेला होता. आई भाकरी थापता थापता मधेच थांबून तिच्याकडे बघत राहायची आणि तव्यावरची भाकरी करपायची. ती करपलेली भाकरी कोण खायचं ते सांगायला नको.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी आईची पळी नेहमीसारखी फिरली, नळी निघाली, आणि करुणाच्या ताटात पडली. मी माझ्या रश्श्याकडे बघत बसले. करुणानं ती उचलली आणि म्हणाली, "मावशे, माझी आई बी मलाच द्यायची." झालं. त्यानंतर प्रत्येक रविवारी नळी तिची. मी मागितली असती तर आईनं दिली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मागून मिळालेल्या नळीत काय राम? मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात जात होते, चर्चच्या तरुण संघाची सेक्रेटरी होते, आणि एका हाडासाठी मनातल्या मनात जळत होते. आज हे लिहिताना मला हसू येतं, पण पूर्ण येत नाही.

तिचे अपराध मी मोजत असे. माझा कंगवा वापरायची आणि केस तसेच अडकवून ठेवायची. खाटेवर आम्ही दोघी निजायचो, त्यात तिचा अर्धा भाग हळूहळू पाऊण होत जायचा. माझी एक वही होती, संदेश, म्हणजे चर्चमधली प्रवचनं, आणि प्रार्थना लिहिलेली, माझ्या ट्रंकेत साडीखाली ठेवलेली. ती दोनदा मला उलटी ठेवलेली सापडली. चाळीतसुद्धा तिचीच चलती. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षात काय शिकली असेल नसेल, पण शेजारच्या सावंतकाकू मला जिन्यात गाठून विचारायच्या, "खंय गेली गो ती तुझी भयण? माका बीपी बघून घेवचा होता." त्या जिन्यात मी एकोणीस वर्षं चढउतार केली होती. माझं नाव सुवार्ता. ते सोडून काकू मला "करुणाची भयण" म्हणायला लागल्या होत्या.

हे सगळं मी गिळलं असतं. पण ती चर्चमध्येही आली. चर्च माझं होतं. मुलांच्या रविवारच्या शब्बाथशाळेपासून बक्षिसं मिळवलेली मी, शास्त्रातले, म्हणजे बायबलातले, अध्यायच्या अध्याय पाठ असलेली मी. आमचे पाळकसाहेब उंच, किडकिडीत, सावकाश बोलणारे. मुलींना "बाळ" म्हणायचे. एकदा त्यांनी मला म्हटलं होतं, "सुवार्ता बाळ, तू पुढे काहीतरी होशील." त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं जगले होते. आमच्या मंडळीत बायका गाणी म्हणायच्या, फुलं लावायच्या, चहा करायच्या. व्यासपीठावर पुरुष. मला तिथं उभं राहायचं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर लोक हसले असते.

दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी कुटीरप्रार्थना असायची. सतरंजी, दोन गाणी, शास्त्रपाठ, मग ज्याला इच्छा होईल त्यानं मोठ्यानं प्रार्थना करायची. माझी प्रार्थना घरून तयार होऊन यायची. "हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ, दयासागर परमेश्वरा" इथून सुरुवात, आणि पुढे बराच वेळ मी परमेश्वराला तो कसा आहे हेच समजावून सांगत असे. माणसं डोळे मिटून अदबीनं ऐकायची. मग एका बुधवारी करुणानं तोंड उघडलं. "देवा, हे आपले भाऊ हिंदमाताला साडीच्या दुकानात दिवसभर उभं ऱ्हातात. पाय बघ त्यांचे किती सुजलेत. मालकाला सांग, एक स्टूल दे म्हणावं." एवढंच. आणि "आमेन" असं घुमलं की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. पुढच्या बुधवारी ते भाऊ पेढे घेऊन आले. मिळालं होतं स्टूल! मी पेढा घेतला, "देवाची दया" म्हणाले, आणि मला तो पेढा घशाखाली उतरवायला पाणी लागलं.

शनिवारी पाळकसाहेब तरुण संघातल्या मुलामुलींना जोडीजोडीनं घरभेटींना पाठवायचे. आजारी, म्हातारी, घराबाहेर पडू न शकणारी माणसं. माझी जोडी अर्थात करुणाशी. घोडपदेवला एका चाळीत एक आजी होत्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी स्पष्ट उच्चारात अख्खं स्तोत्र वाचायची. तेवढ्या वेळात करुणा आजींची पावलं मांडीवर घेऊन नखं कापायची. एकदा मी वाचता वाचता श्वास घ्यायला थांबले तर आजी म्हणाल्या, "झालं का गं बाई तुझं? करुणे, त्या बोटाला लागतंय बघ जरा." करुणाची ड्यूटी असली आणि मी एकटी गेले की दारातच प्रश्न यायचा, "करुणा नाही आली?" प्रत्येक दारात. पुढे मी पाळक झाले, मोठ्या मंडळ्या सांभाळल्या, आणि आता निवृत्त होऊन दादरला दोन खोल्यांत राहते. शिबिरांतली मुलं मला विचारतात, "पाळक मॅडम, तुम्हाला देवाचं पाचारण कधी झालं?" मी त्यांना एक बरीशी गोष्ट सांगते, त्यात प्रकाश आहे, अश्रू आहेत. खरं असं आहे की मला आधी मत्सर झाला, आणि पाचारण कुठं सुरू झालं ते मला त्या मत्सरापासून वेगळं काढता येत नाही.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून प्रभूनं जे सात उद्गार काढले, त्यांवर सात जण एकेक करून बोलतात. मंडळीत त्याला फार मान. ज्याला उद्गार मिळाला त्याच्या घरी नातेवाईक अभिनंदन करायला येतात. नेहमी सातही जण पुरुष, बहुतेक मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे जाणते लोक. त्या वर्षी, त्याआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला, पाळकसाहेबांनी जाहीर केलं की यंदा एक उद्गार तरुण संघातल्या मुलीला देणार. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं, मी शपथेवर सांगते. मी त्याच दिवसापासून तयारीला लागले. कुठला मिळेल माहीत नाही म्हणून सातही उद्गारांवरचे संदेश लिहून काढले. वही भरली.

शुक्रवारच्या दोन आठवडे आधी, रविवारी, उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला खुणेनं बोलावलं. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. ते म्हणाले, "करुणाची आज ड्यूटी आहे ना? तिला सांग बाळ, तिसरा उद्गार तिचा. दहा मिनिटं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "तुझं पुढे होईलच." मी हो म्हणाले. तिसरा उद्गार म्हणजे प्रभूनं आपल्या आईला शिष्याच्या स्वाधीन केलं तो, आणि त्या दिवसापासून शिष्यानं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. चर्च ते भोईवाडा पंधरा मिनिटांची चाल. त्या पंधरा मिनिटांत मी काय काय विचार केला ते सांगण्यात अर्थ नाही. घरी आले. करुणा रात्रीच्या ड्यूटीवरून येऊन पाय पसरून बसली होती, माझ्या कंगव्यानं केस विंचरत. मी म्हटलं, "करुणा, पाळकसाहेबांनी तुला सहावा उद्गार दिलाय."

सहावा म्हणजे सारं पुरं झाल्याचा. तो मी का निवडला? कारण तो सगळ्यांत अवघड, भलेभले त्यात अडकतात. आणि कारण नावं व्यासपीठावरून आयत्या वेळी पुकारली जात. तिसऱ्याला तिचं नाव येईल, ती गोंधळेल, पाळकसाहेब इकडेतिकडे बघतील, आणि मी बसलेली असेन, तिसऱ्या उद्गारावरचा संदेश शास्त्रात घडी करून. हे मी रागाच्या भरात बोलून गेले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. रागाच्या भरात बोललेलं माणूस दोन आठवडे सांभाळून ठेवत नाही. करुणाचे डोळे मोठे झाले. "मला? सुवा, खरंच? तुला न्हाई?" मी म्हटलं, "मला पुढच्या वर्षी." ती मला मिठी मारून नाचली. पुढचे दोन आठवडे ती वेळ मिळेल तेव्हा गच्चीवर जाऊन काहीतरी पुटपुटत पाठ करायची. मी वर गेले की गप्प व्हायची. पुढच्या रविवारी आणि मधल्या बुधवारी-शनिवारीही तिची ड्यूटी होती, त्यामुळे पाळकसाहेबांची तिची गाठ पडली नाही. माझं नशीब कधी नव्हे ते जोरावर होतं.

शुक्रवारी आम्ही उपाशीपोटी बारालाच जाऊन बसलो. आई मधे, करुणा आणि मी दोन बाजूंना. पंखे फिरत होते आणि हवा तिथल्या तिथे होती. बायका पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या. पहिला उद्गार झाला, गाणं झालं, दुसरा झाला. पाळकसाहेब म्हणाले, "तिसरा उद्गार, करुणा." करुणानं दचकून माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघत होते. ती उठली, पुढे गेली, व्यासपीठाच्या दोन पायऱ्या चढली आणि म्हणाली, "साहेब, माझी तयारी सहाव्याची हाय." चर्चमध्ये कुजबुज झाली. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी शास्त्रातल्या घडीवर बोट ठेवलं, अर्धी उठलेसुद्धा. ते किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मग ते करुणाला म्हणाले, "असू दे. तिसऱ्याबद्दल तुझ्या मनात जे येईल ते बोल, बाळ."

ती आमच्याकडे वळली. कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. मग म्हणाली, "प्रभूनं सांगितलं, ही तुझी आई, आणि त्या शिष्यानं तिला घरी नेलं. सगळे त्या शिष्याला चांगला म्हणतात. पण त्याच्या घरी आणखी माणसं असतील की. त्यांना कुणी इचारलं का?" पुठ्ठे थांबले. "मला आई न्हाई. माझ्या मावशीनं मला घरी ठेवून घेतलं. तिचं नाव झालं, लोक म्हणतात चांगली बाई. पण माझी एक बहीण हाय त्या घरात. तिला कुणी इचारलं न्हाई. मी तिच्या अर्ध्या खाटेवर निजते. तिची आई अर्धी घेतली. ती एका शब्दानं बोलली न्हाई मला. माझ्या मनात रोज येतं, मोठं कोण? ज्यानं घरी आणलं तो, का ज्यानं आपली जागा दिली तो?" ती थांबली. आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण आलं नाही. "एवढंच हाय माझ्याकडं," म्हणाली आणि खाली उतरली. तीन मिनिटंसुद्धा झाली नसतील.

चर्च रडत होतं. आई पदर तोंडाला लावून बसली होती. मागच्या बाकावरचे एक वडील, ज्यांना मी कधी हसताना किंवा रडताना बघितलं नव्हतं, नाक शिंकरत होते. आणि मी? मला शरम वाटली असं लिहिलं तर शोभून दिसेल. शरम वाटली, पण नंतर. आधी मत्सराची अशी कळ उठली की मला बाक घट्ट धरावा लागला. माझं दुःख होतं ते. दीड वर्ष सांभाळलेलं, कुणाला न दाखवलेलं, एकच गोष्ट माझी स्वतःची होती, आणि तीही तिनं घेतली. माझ्यापेक्षा चांगली सांगितली. आणि मला थोर करून सांगितली, म्हणजे तोंड उघडायचीही सोय ठेवली नाही. उपासना संपल्यावर दारात पाळकसाहेबांनी तिला विचारलं, "सहावा कसा समजलीस तू?" ती म्हणाली, "माझीच ऐकण्यात चूक झाली, साहेब." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पाळकसाहेबांनी बघितलं. घरी येऊन आईनं कढी-भात वाढला. करुणा एक शब्द बोलली नाही. शनिवारीही नाही. तिचा तो मजले हलवणारा आवाज घरात नाही म्हटल्यावर सावंतकाकू डोकावून गेल्या, "चेडू आजारी असा काय?"

ईस्टरच्या सकाळी चर्चमध्ये लिलीची फुलं, कोऱ्या साड्या, आणि प्रभुभोजन. आमच्याकडे भाकरीचं ताट बाकाबाकांतून फिरतं. ज्याच्या मनात कुणाविषयी काही असेल त्यानं आधी ते मिटवावं, मग भाकर घ्यावी, हे लहानपणापासून शिकवलेलं. मी शब्बाथशाळेत लहान मुलांना तेच शिकवत होते. ताट माझ्यापाशी आलं. मी हात पुढे केला, आणि तो ताटापर्यंत पोचेना. मी ताट तसंच आईकडे सरकवलं. आईनं माझ्याकडे बघितलं, भाकरीचा तुकडा घेतला आणि ताट करुणाकडे दिलं. छोट्या मंडळीत असं ताट सोडून देणं म्हणजे उठून ओरडण्यासारखं आहे.

ईस्टरचं मटण म्हणजे वर्षातलं सगळ्यांत चांगलं, खोबरं भाजून, पाट्यावर वाटून केलेलं. आईनं ताटं मांडली. पळी फिरली. नळी निघाली, आणि माझ्या ताटात पडली. मला आधी कळेचना. आई म्हणाली, "इतके दिवस वाट बघितली, कधीतरी मागशील. मागायची होतीस गं." मग पळी खाली ठेवून म्हणाली, "आणि माझंही चुकलं. मला दिसायला हवं होतं."

मी नळीकडे बघत म्हणाले, "आई, शुक्रवारी..."

"ठाऊक आहे. मला नको सांगूस, तिला सांग."

मी करुणाला सांगितलं. रडत, तुटक, कुठलंही विशेषण न लावता. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं न लिहिलेलं भाषण. करुणानं ऐकून घेतलं. "मला लई राग आला व्हता," ती म्हणाली. "तिथंच येऊन तुझी वेणी ओढावी वाटत व्हतं. तो आवरला म्हणून ते बोलणं सुचलं." मग ताट बाजूला सारून उभी राहिली. "दोन आठवडे म्या सहावा पाठ केलाय. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बी घोकत व्हते. तो वाया घालवणार न्हाई. आता तू ऐकायचं. जेवायचं न्हाई, ऐकायचं."

आणि तिनं खाटेपाशी उभं राहून सुरू केलं, "प्रिय बंधुभगिनींनो, या परमपवित्र, परममंगल क्षणी..." दुसऱ्याच वाक्याला मी ओळखलं. ते माझं होतं. माझ्या वहीतलं, शब्दन् शब्द, माझ्या त्या आवाज चढवण्याच्या जागांसकट. तिनं माझ्यासारखे हात जोडले, माझ्यासारखी मान वाकडी केली. दहा मिनिटं. बाबांनी एक जांभई दाबली. आई रश्श्यावरचा तवंग बघत होती. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझा संदेश समोर बसून ऐकला. त्यात एकाही माणसाचे पाय सुजले नव्हते. मी खोटं बोलले नसते तर शुक्रवारी तिनं हेच म्हटलं असतं, लोकांनी पुठ्ठ्यानं वारा घेतला असता, आणि पुढच्या वर्षी पाळकसाहेबांनी मला बोलावलं असतं. तिला व्यासपीठावर खरं बोलायला लावलं ते मी.

"तुझ्यावाणी बोलायचं व्हतं मला," ती संपवून म्हणाली. धापा टाकत होती. "कधीची वही चोरून वाचत व्हते. कसं झालं?"

मी पुढे कितीतरी मरणाऱ्या माणसांना खरं सांगितलं आहे, मंडळीच्या वडिलांना तोंडावर चूक दाखवली आहे. पण त्या दुपारी ओठांवर आलेल्या दोन वाक्यांइतकं जड मला पुढे काही वाटलं नाही.

"कंटाळवाणं आहे," मी म्हटलं. "शुक्रवारचं माझ्यापेक्षा चांगलं होतं."

करुणा तिचं ते जुनं हसणं हसली, शेजारी सावंतांच्या घरापर्यंत जाणारं, आणि ताटापाशी बसून तिनं माझ्यापुढे हात पसरला.

"मग नळी दे," ती म्हणाली.

मी दिली नाही.